उजवीकडे शेपूट का सुटत नाही?

पत्र

काका, नमस्कार. मी राजापूर तालुक्यातला. आमच्या घरी आजोबांची हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा क्लासिक आहे, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन असलेली. आमची एक चिरेखाण बंद आहे, तिच्या तळावर मी ड्रिफ्ट शिकतोय, म्हणजे मागची चाकं घसरवत गाडी तिरकी वळवणं. डावीकडे गोल मारताना गाडी छान सुटते आणि मी अख्खा गोल धरून ठेवतो. उजवीकडे मात्र हँडब्रेक ओढला की शेपूट (गाडीचा मागचा भाग) जरासं बाहेर येतं आणि परत सरळ होतं. जास्त रेस दिली तर इंजिन नुसतं बोंबलतं, धुरळा उडतो आणि गाडी गोलाच्या बाहेर सरकत जाते. गॅरेजवाले म्हणतात डिफ (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) वेल्ड करून घे, दोन्हीकडे फिरेल. मित्र म्हणतो गाडी ठीक आहे, तूच कच्चा आहेस. खरं काय मानू?

उत्तर

डिफ वेल्ड करू नकोस. मित्राचं म्हणणंही आत्ताच मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रातच निम्मं निदान आलंय. बाकीचं निम्मं एक जॅक, दोन स्टँड, मीटरटेप आणि एक रविवार मिळाला की होईल.

तक्रार एकाच बाजूची आहे, ही चांगली गोष्ट आहे. दोन्हीकडे सारखा त्रास देणारी प्रत्येक गोष्ट त्यामुळे आपोआप बाद होते. क्लच घसरत असता, इंजिन थकलेलं असतं, तर गाडी डावीकडेही फिरली नसती. ती डावीकडे अख्खा गोल धरते, म्हणजे ताकद पुरेशी आहे आणि तुझा पायही बरा चालतो. आता शोधायचंय ते फक्त गाडीच्या डाव्या आणि उजव्या अंगात वेगळं काय आहे ते.

‘ड्रिफ्ट होत नाही’ म्हणणारे तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात. कुणाचं शेपूट सुटतच नाही. कुणाचं सुटतं आणि गाडी गर्रकन पूर्ण फिरून उलट तोंडाने उभी राहते. कुणाचं सुटतं पण टिकत नाही. या तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून आपलं दुखणं यातलं कोणतं ते आधी ठरवावं लागतं. तुझी गाडी फिरून उलटी होत असती तर मी स्टीअरिंगकडे पाहिलं असतं. उजव्या ड्रिफ्टमध्ये पुढची चाकं डावीकडे वळवून धरावी लागतात, त्यामुळे डावीकडचा लॉक (स्टीअरिंग पूर्ण वळण्याची मर्यादा) कमी पडला तर बिघडतो उजवा ड्रिफ्ट. पुष्कळजण इथेच उलट्या बाजूला शोधत बसतात. शेपूट सुटून मध्येच इंजिनाचा दम गेला असता तर कार्ब्युरेटरचा फ्लोट नाही तर अर्धी रिकामी टाकी तपासायला सांगितलं असतं, कारण वळणात पेट्रोल एका अंगाला जातं आणि एकाच दिशेला इंजिन उपाशी राहू शकतं. पण तुझं इंजिन बोंबलतंय. म्हणजे ताकद तयार होतेय, जमिनीपर्यंत पोचत नाहीये.

ती कुठे जातेय हे बघायला मित्राला मोबाईल घेऊन गोलापासून लांब, सुरक्षित जागी उभा कर आणि उजवा गोल मारताना मागची दोन्ही चाकं दिसतील असा व्हिडिओ काढायला सांग. माझा अंदाज, धुरळा फक्त आतल्या म्हणजे मागच्या उजव्या चाकाखालून उडत असणार.

साध्या डिफमध्ये दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) मिळतो, आणि तो किती मिळणार हे कमी पकड असलेलं चाक ठरवतं. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या अंगाला झुकतं, आतलं चाक हलकं होतं आणि रेस दिली की तेच भिरभिरतं. बाहेरच्या चाकाला मग तेवढाच क्षीण जोर मिळतो. मागच्या दोन्ही चाकांची पकड एकदम सुटली तरच शेपूट बाहेर राहतं. एकच सुटलं, तर दुसरं जमीन धरून गाडी सरळ करत राहतं. तुझ्या पत्रातली गाडी नेमकी हेच करते आहे.

मग डावीकडे असं का होत नाही? तिथेही आतलं चाक हलकं होतंच की. याचं उत्तर काँटेसाच्या बांधणीत आहे. मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड एक्सल आहे आणि इंजिनाचा जोर लांब प्रोपेलर शाफ्टमधून तिथवर येतो. बहुतेक इंजिनं पुढून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात आणि पुढच्या गिअरमध्ये शाफ्टही तसाच फिरतो. हा शाफ्ट डिफमधल्या पिनियनला (छोट्या दातेरी चाकाला) पीळ देतो तेव्हा अख्ख्या एक्सललाही पीळ बसतो. मागून पाहिलं तर एक्सलचं डावं टोक खाली दाबलं जातं आणि उजवं वर उचललं जातं. म्हणजे रेस दिली की मागचं उजवं चाक हलकं होणार, वळण कुठलंही असो. डाव्या वळणात हलकं झालेलं आतलं चाक डावं असतं, त्याला एक्सलचा पीळ खाली दाबून मदत करतो. उजव्या वळणात उजवं चाक आधीच हलकं, त्यात पीळ त्याला आणखी उचलतो.

हा परिणाम केवढा, तेही आकड्यात बघू, म्हणजे सगळा दोष यावर ढकलला जाणार नाही. समज, इंजिन १२० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय आणि गिअरचा रेशो २ आहे. शाफ्टवर झाले २४०. मागच्या दोन चाकांमधलं अंतर १.४ मीटर धरलं, तर उजव्या चाकावरचं वजन जास्तीत जास्त १७ किलोने कमी होतं आणि डाव्यावरचं तेवढंच वाढतं. शिवाय यातला काही भाग पुढच्या स्प्रिंगा पेलतात. तू एकटा उजव्या सीटवर बसतोस, त्यानेही थोडं भरून निघतं. (परदेशी व्हिडिओंत चालक डावीकडे बसलेला असतो. त्यांचं वजनाचं गणित जसंच्या तसं उचलू नकोस.) म्हणजे उजवीकडे थोडी नाराजी असणं या गाडीचा स्वभाव आहे. पण थोडीच. तू सांगतोस तेवढा मोठा फरक पडायला आणखी काहीतरी हवं, आणि आपल्याकडच्या गाडीत ते शोधायला लांब जावं लागत नाही. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस आणि तांबडी माती यांनी ते करून ठेवलेलं असतं.

सगळ्यात आधी हँडब्रेक बघ. माझा सर्वांत जास्त संशय तिथे आहे, कारण तू ड्रिफ्टची सुरुवातच त्याने करतोस. मागची दोन्ही चाकं सारखी धरली गेली तरच शेपूट दोन्हीकडे सारखं सुटतं. केबल एका बाजूला गंजून अडकली असेल, उजव्या ड्रममध्ये चिखल सुकून बसला असेल, किंवा एक्सलचं सील गळून उजवे लायनर (ड्रमला घासून चाक धरणारे ब्रेकचे पट्टे) तेलकट झाले असतील, तर हँडब्रेक ओढल्यावर फक्त डावं चाक धरलं जातं. डाव्या अंगाला ब्रेक लागला की गाडीचं तोंड डावीकडे ओढलं जातं. डाव्या वळणात ती मदतच होते आणि आपला हात बसलाय असं वाटतं. उजव्या वळणात तोच ओढा आपल्या विरुद्ध जातो. ‘शेपूट जरासं बाहेर येतं आणि परत सरळ होतं’ हे तुझं वर्णन याला तंतोतंत जुळतं.

तपासायला सपाट, कडक जमीन शोध. पुढच्या चाकांना दोन्हीकडून चिऱ्याचे तुकडे लाव, कारण आपण हँडब्रेक सोडून काम करणार आहोत. मागून गाडी उचलून एक्सलखाली दोन्ही बाजूंना स्टँड दे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेव. कुणाला तरी हँडब्रेक एकेक दात ओढायला सांग आणि प्रत्येक दाताला दोन्ही चाकं हाताने फिरवून बघ. डावं तिसऱ्या दाताला घट्ट आणि उजवं सहाव्यालाही फिरतंय असं निघालं, तर बाकी काही करण्याआधी ड्रम उघड. आतली धूळ फुंकू नकोस, ओल्या फडक्याने पूस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. लायनर तेलकट निघाले तर घासून वापरू नकोस, नवे घाल, दोन्ही बाजूंचे एकदम. सील आधी बदल, नाहीतर नवे लायनरही महिन्याभरात तसेच होतील.

गाडी वर आहेच तर दुसरी तपासणीही उरकून घे. आता स्टँड एक्सलखालून काढून बॉडीच्या मजबूत जागी दे, म्हणजे एक्सल मोकळा लोंबेल. दोन्ही चाकं सारखी खाली आली का? उजवं अर्धवट अडकून राहिलं असेल तर त्या बाजूचा शॉकॲब्सॉर्बर जाम आहे किंवा एक्सल धरणाऱ्या आर्मचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) त्यांच्या बोल्टवर गंजून चिकटलेत. उजव्या वळणात बॉडी डावीकडे झुकते तेव्हा मागच्या उजव्या चाकाने खाली येऊन जमीन धरायची असते. ते वरच अडकलं तर त्याच्यावर वजन राहणार कसं? समुद्रापासून दोन-चार कोसांवर राहणाऱ्या गाड्यांमध्ये हे बुश मी फार पाहिलेत. वरून रबर ठीक दिसतं, आतली लोखंडी नळी बोल्टला धरून बसलेली असते. स्टँड देताना बॉडीचे सांधे आणि आर्म जिथे बसतात त्या जागा स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. भुसभुशीत लागलं तर ड्रिफ्ट बंद, आधी पत्र्याचं काम.

गाडी खाली उतरवल्यावर स्प्रिंगा माप. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लाव, आणि मापताना तुझ्या वजनाचा माणूस उजव्या सीटवर बसव. मागची उजवी बाजू बसलेली दिसली तर लोक समजतात की तिथे वजन जास्त आहे. असतं उलट. चौरंगाचा एक पाय आखूड असला की चौरंग त्या पायावर झुकतो खरा, पण भार त्याच्या शेजारच्या दोन पायांवर जातो. बसलेली मागची उजवी स्प्रिंग म्हणजे हलकं मागचं उजवं चाक, आणि तिरकस समोर पुढचं डावंही हलकं. तसं निघालं तर स्प्रिंगा जोडीनेच बदल. एका बाजूला रबरी पॅकिंग घालून तात्पुरतं काम भागवू नकोस.

मग एक्सल चौकोनात बसलाय का बघ. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत माप घे, पुढची चाकं अगदी सरळ ठेवून. दोन-चार मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत असायचाच. सेंटिमीटरभर असेल तर बुश गेलाय किंवा आर्म वाकलाय. मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मागे सरकलेलं असेल तर एक्सलचं तोंड उजवीकडे होतं, शेपूट सतत उजवीकडे जाऊ पाहतं आणि डावं वळण सोपं, उजवं अवघड होतं. अशी गाडी सरळ रस्त्यावर स्टीअरिंग किंचित उजवीकडे धरायला लावते. पण अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड फिरवून ते झाकलेलं असू शकतं, म्हणून स्टीअरिंगवर विसंबू नकोस, टेपवर विसंब. पुढचा कॅस्टर आणि कॅम्बर (चाकं बसवण्याचे कोन) डाव्या-उजव्या बाजूला सारखा आहे ना, ते अलाइनमेंटच्या मशीनवर कळेल. गाडी तिथे न्यायची ती हे सगळं झाल्यावर. वाकड्या एक्सलवर पुढची अलाइनमेंट करून घेणं म्हणजे पैसे वाया.

टायरचं काम सोपं आहे. हवा दोन्हीकडे सारखी भर. मागचे दोन टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे आणि साधारण एकाच वयाचे आहेत का बघ. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. मग मागची दोन चाकं एकमेकांच्या जागी लाव आणि पुन्हा फिर. तक्रार उजवीकडून डावीकडे गेली तर दोष टायरचा. तिथेच राहिली तर टायर निर्दोष. नक्षी एकाच दिशेने फिरवायची असेल, म्हणजे टायरवर बाण असेल, तर ही चाचणी फक्त हळू वेगात, कोरड्या जागेवर कर आणि चाकं लगेच परत जागेवर लाव.

एका वेळी एकच गोष्ट बदल. हँडब्रेक दुरुस्त केलास, तर टायरला हात न लावता आधी फिरून बघ. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली, तर नेमकं कशाने सुधारली हे कळणार नाही, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

जागेचंही बघायला हवं. चिरेखाणीचा तळ डोळ्यांना सपाट दिसतो, पण पाणी निघून जावं म्हणून त्याला बहुतेक वेळा एका अंगाला उतार असतो, आणि भुसा व खडी उताराच्या टोकाला जमते. तू नेहमी एकाच बाजूने आत येत असशील, तर डावा गोल उताराने सुरू होत असेल आणि उजवा चढाने, किंवा उजव्या गोलाच्या सुरुवातीला पुढची चाकं भुशात घुसत असतील. पुढची चाकं घसरली की गाडी बाहेर सरकते आणि आपल्याला वाटतं मागचं काहीतरी चुकतंय. बाटलीत निम्मं पाणी भरून आडवी ठेव, उतार कळेल. मग तळाच्या दुसऱ्या टोकाकडून आत ये आणि गोलाची जागाही बदल. उजवं वळण तिथे सुधारलं, तर पाना उचलायची गरजच नाही.

आता तुझ्या मित्राचा मुद्दा. माणसाची एक बाजू चांगली असतेच. डाव्या वळणात तू गोलाच्या बाहेरच्या अंगाला बसलेला असतोस, उजव्यात आतल्या. नजर, अंतराचा अंदाज, सगळं बदलतं. उजवीकडे पुष्कळजण बॉनेटसमोरच्या जमिनीकडे बघतात, तर बघायचं असतं उजव्या खिडकीतून, गोल जिथे पुढे जाणार तिथे. दुसरी गोष्ट पायाची. शेपूट बाहेर आल्यावर हँडब्रेक सोडायला आणि रेस द्यायला जरा उशीर झाला तर गाडी आपोआप सरळ होते. डावीकडे जमलंय म्हणून उजवीकडेही तोच ठेका आपोआप येईल असं नाही. पण हे तपासायचं ते गाडी तपासल्यावर. बिघडलेल्या हँडब्रेकवर उजवा गोल घटवत बसलास तर हाताला चुकीची सवय लागेल, आणि ती काढणं लायनर बदलण्यापेक्षा अवघड. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा सराव असलेला कुणी जाणता माणूस मिळाला तर त्याला दोन्ही गोल मारू दे. त्याच्याही हातात उजवं वळण अडलं तर दोष गाडीचा.

वेल्डिंगला माझा विरोध का, ते सांगतो. डिफ वेल्ड केला की दोन्ही चाकं कायमची एकत्र फिरणार. खाणीत मजा येईल, खरंय. पण ही तुझ्या घरची गाडी आहे, ती याच एक्सलवर पावसात अणुस्कुरा घाट चढणार आणि उतरणार. वळणात आतल्या-बाहेरच्या चाकाला वेगवेगळं फिरावं लागतं. ते बंद झालं की ओल्या रस्त्यावर गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ बघते, आणि नको तेव्हा शेपूट सोडते. टायर झिजतात, डिफपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या हाफ शाफ्टवर धक्के बसतात, आणि काँटेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलंय, शाफ्ट तुटला तर शोधत फिरावं लागेल. शिवाय मूळ दोष तसाच राहतो. हँडब्रेक एकाच चाकाला लागत असेल तर वेल्डिंगने तो लपेल, आणि रस्त्यावर खरोखर गरज पडेल तेव्हा उघडा पडेल. एवढं सगळं दुरुस्त करूनही उजवीकडे आतलं चाक भिरभिरत राहिलं, आणि तुला ड्रिफ्टच करायचं असेल, तर त्यासाठी वेगळी गाडी किंवा निदान वेगळा एक्सल ठेव.

जागेबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहितो. खाण तुमचीच आहे हे उत्तम, पण उघड्या खड्ड्याच्या कडेपासून गोल इतका लांब ठेव की गाडी पूर्ण सुटून घसरत गेली तरी कडेला पोचणार नाही. कापलेल्या चिऱ्याची कड पावसाने आतून सुटलेली असते. हेल्मेट, पट्टा, गाडीत दुसरं कुणी नाही, आणि एक माणूस अग्निशामक सिलिंडर घेऊन बाहेर. खाण नको म्हणून उद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊ नकोस. तुझ्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे इथे कातळशिल्पं आहेत, ती २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि न सापडलेली अजून किती असतील कोण जाणे. मातीच्या पातळ थराखाली कोरलेल्या रेषा चाकाखाली एका दुपारीत जातील. किनाऱ्यावरही नको. वाळूत गाडी रुतते, भरती थांबत नाही, आणि आपल्या जिल्ह्यात वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. रस्त्यावर तर नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे, आणि महामार्गावर तुझ्या समोरून एसटी येत असते. हात बसला की एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाच्या) मान्यतेने होणाऱ्या ऑटोक्रॉस शर्यतीत उतर. तिथे गाडीची तपासणी होते, रुग्णवाहिका उभी असते, आणि तुझ्यापेक्षा चांगले चालक बघायला मिळतात.

तर सुरुवात हँडब्रेकपासून. व्हिडिओत कोणतं चाक भिरभिरतं आणि उजवा ड्रम उघडल्यावर आत काय निघालं, हे दोन्ही मला लिहून कळव. त्यावरून पुढचं सांगता येईल.